ओटीवरची बोट

बाई आमंत्रण द्यायला स्वतः येत आणि कधी बसत नसत. अंगणात उभ्या राहून, छत्रीचं टोक मातीत रोवून, एका दमात सांगत, "रविवारी चार वाजता चहा. विषय पिवळा." आई "अहो, आत तरी या" म्हणेपर्यंत त्या अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे, दुसऱ्या घराच्या वाटेला लागलेल्या असत.

मुलांनो, धाकटीच्या वाढदिवसाला तुम्ही तिकडे घराचं जंगल केलं होतं आणि पाहुण्यांनी वाघ, हत्ती होऊन यायचं होतं, असं तुमच्या आईनं कळवलं. रत्नागिरीत असलं काही कधी झालं होतं का, असंही तुम्ही विचारलंत. झालं होतं. मी इंग्रजी चौथीत होते तेव्हा, वीस ते तीस सालांच्या मधल्या काळात, आमच्या शेजारी एक बाई राहत आणि चहाला विषय नसेल तर त्या चहाच करत नसत. आधी बाई कोण ते सांगते, मग त्यांच्या चहांबद्दल, मग त्या बोटीबद्दल. मधे भरकटले तर सांभाळून घ्या.

बाई आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मूळच्या पुण्याच्या. लहानपणीच वैधव्य आलं, भावानं शिकवलं, आणि नोकरी लागली ती घाटाखाली, आमच्या गावात. चढावरचं एक जांभ्या दगडाचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. घर लहान, पण समोरची ओटी लांबलचक, तिला लाकडी कठडा, आणि कठड्यापलीकडे थेट समुद्र. त्या म्हणत, "पुण्यात मला वाड्यातला हौद माहीत होता. इथं देवानं हौदाचा काठच काढून टाकलाय." उंच, काटकुळ्या, आवाज मात्र घंटेसारखा. खांद्याशी पदराला एक चांदीचं घड्याळ अडकवलेलं असे आणि पायांत, मे महिन्यातसुद्धा, मोजे.

गावातल्या हळदीकुंकवाला बाईंना बोलावणं नसे. रीतच तशी होती आणि ती कोणी मोडत नव्हतं. त्याबद्दल त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी चहा सुरू केला. "चहाला कुंकू लागत नाही," एवढंच म्हणत. तेव्हा आमच्यासारख्या घरांतून चहा हा पुरुषांचा आणि कचेरीचा प्रकार होता. आईच्या मते त्यानं पित्त होतं. पण बाईंच्या ओटीवर काय चाललंय याची उत्सुकता पित्तापेक्षा मोठी ठरली, आणि हळूहळू पाच-सात बायका नेमानं जायला लागल्या.

बाईंची चहाची तयारी म्हणजे लग्नघर. आदल्या आठवड्यापासून ओटीच्या सारवलेल्या जमिनीवर खडूनं आकृत्या निघत: इथं वकिलीणबाई, इथं डॉक्टरीणबाई, मधे दोन छत्र्यांचं अंतर. सगळी मापं छत्रीनं. डॉक्टरीणबाई आणि वकिलीणबाई यांच्यात नेहमी दोन छत्र्या, कारण एका छत्रीवर त्या भांडत आणि तीन छत्र्यांवर ओरडून बोलत. "बेत झाला की अर्धा चहा झाला," बाई म्हणत. "आणि साखर कमी पडली तर चालेल, विषय कमी पडता कामा नये." त्यांच्याकडे एकसारखे दोन कप नव्हते. प्रत्येक पाहुणीचा कप ठरलेला, आणि तो तिलाच का, हे त्या विचारूनही सांगत नसत. आईला निळ्या फुलाचा, कान तुटलेला कप मिळे. आई म्हणे, "माझ्यात काय तुटलेलं दिसलं हिला?" पण दुसऱ्या कुणाला तो दिलेला तिला खपत नसे.

घरात कामाला नाटे गावची भागा होती, खारव्याची. तिचे भाऊ मासेमारीला जात. बाईंचं तिच्याशी सतत वाजत असे.

"भागा, पोह्यांत नारळ कमी आहे."

"नारळ माडावर हाय. तुमी चढा, मी किसतंय."

आता विषयांबद्दल. पिवळ्या चहाला सगळं पिवळं: केळी, केशरी भात, आंबापोळी, सोनचाफा. पाहुण्यांनीही पिवळं नेसून यायचं होतं. आमच्या आळीतल्या सर्वांत वडील आत्याबाई, वय सत्तरीचं, सोवळ्याला कडक, त्यांच्याकडे पिवळं असं एकच निघालं, ते म्हणजे त्यांच्या लग्नातली अष्टपुत्री. तीच नेसून आल्या. बायका हसून हसून लोळल्या, तर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा नेसायचं निमित्त हिनं दिलं. हसा खुशाल." मुका चहा झाला, त्यात बोलायला बंदी होती. वकिलीणबाई पहिल्या घोटापर्यंत टिकल्या. मला सर्वांत आवडला तो उलटा चहा. दारातच बाईंनी हातावर विडा ठेवला आणि म्हणाल्या, "बराय, पुन्हा या." मग खाणं, मग चहा, मग पाय धुवायला पाणी, आणि निघताना बाई दोन्ही हात पसरून, "या, या, किती उशीर केलात." गल्लीतून जाणाऱ्या पोस्टमननं ते ऐकलं आणि तो परत फिरून आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारायला आला, की बाईंची तब्येत बरी आहे ना.

पहिलं इंग्रजी वाक्य मी त्याच ओटीवर मोठ्यानं बोलले, आणखी एक कप चहा मागण्याचं. बाईंनी कप दिला आणि म्हणाल्या, "मागता आलं की भाषा आली."

आता बोट. त्यासाठी आधी आमच्या घरचं सांगायला हवं.

माझा मोठा भाऊ, तुमचे थोरले आजोबा, मुंबईला एका कचेरीत कारकून होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती. वहिनी मात्र आमच्याकडे. ती पूर्णगडची, एकोणीस वर्षांची, बोलणं इतकं हळू की मीठ मागितलं तर आम्ही पाणी देत असू. तेव्हा घरोघरी असंच होतं, नवरा खाणावळीत जेवायचा आणि बायको सासूच्या हाताखाली. पण त्या मे महिन्यात दादा आला तो सांगतच, की गिरगावात खोली मिळाली आहे, आता हिला पाठवा. आईनं आंब्याची साटं वाळत घालता घालता उत्तर दिलं, "पाऊस सरू दे. मग बघू."

कोकणात "मग बघू" म्हणजे नाही. दादा एकटाच परत गेला. नाना कोर्टात कामाला होते. त्यांचा निकाल असा, की घरातलं घरातल्यांनी बघावं. आई कामाचं कारण सांगे, पण मला खरं कारण ठाऊक होतं, कारण एकदा ते ती देवघरात देवालाच सांगत होती. "मुंबईला जातो तो मुंबईचा होतो. अजून बायकोच्या ओढीनं तरी येतो. ती गेली की गणपतीपुरता पाहुणा." वहिनीनं जायचा विषय कधीच काढला नाही. पण पावसाळ्यात बोटी बंद असतात. नारळी पौर्णिमा झाली आणि त्या सुरू व्हायचे दिवस जवळ आले, तशी ती धुणं वाळत घालायला माळ्यावर जायला लागली, आणि सबंध पावसाळ्यात धुणं ओटीवर वाळत असतं हे आईला न कळण्यासारखं नव्हतं. माळ्याच्या झरोक्यातून समुद्र दिसे.

अशात एके दिवशी बाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. छत्री मातीत रोवली.

"रविवारी चार वाजता चहा. विषय बोट. सामानाशिवाय कोणाला चढू देणार नाही, आणि कुठं उतरणार ते प्रत्येकीनं सांगायचं. आणि माई, तुमची सून मला चार दिवस द्या. बोटीला शिवण लागतं."

आई म्हणाली, "बोटीला खिळे लागतात असं ऐकलं होतं."

"ते तुमच्या मुलीकडून ठोकून घेईन."

आईला हसू आलं, आणि हसू आलेलं माणूस नाही म्हणू शकत नाही.

ते चार दिवस मला अजून आठवतात. शाळा सुटली की मी धावत चढ चढायची. बाईंनी ओटीभर खडूनं बोट आखली होती आणि रोज ती पुसून नवी आखत होत्या, कारण रोज कोणीतरी काहीतरी नवीन सांगे. तुम्हाला गंमत वाटेल, बाई स्वतः बोटीत कधी बसल्याच नव्हत्या. आल्या त्या घाट उतरून, बैलगाडीनं. त्यांना पाण्याची भीती होती. पण बोटीच्या दिवशी शाळा सुटल्यावर मांडवीच्या बंदरावर त्या हटकून असत, छत्री टेकून, मोज्यांवर वाळू घेत. दूर उभी राहिलेली आगबोट, तिच्याकडे माणसं घेऊन जाणारे पडाव, शिडीवर चढताना सांभाळलेले पदर, सगळं बघत. मी विचारलं, "बाई, न चढलेली बोट कशी करणार?"

"म्हणून तर करायची. चढलेली असते तर नुसती आठवली असती."

मग मी खिळे ठोकले. वहिनीनं जुनी धोतरं जोडून छत शिवलं. भागाच्या भावानं काथ्याचे दोर आणि एक जुनं जाळं आणून दिलं. जाळ्याला असा वास होता की बाईंनी ते दोन बोटांत धरून परत दिलं. सर्वांत अवघड होतं धुराडं. भात साठवायची बांबूची एक उंच कणगी घेऊन तिला आतून मातीनं लिंपलं, बाहेरून काजळी फासली, आणि धुरासाठी आत नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, पेटवायचं ठरलं. श्रावणातली ओली सोडणं. भागानं बजावलं, "बाई, धूर वर जायाचा नाय, तुमच्या डोळ्यांत जाल." बाई म्हणाल्या, "आगबोटीचाही जातो. मी पाहिलंय."

आणि वहिनी. ती शिवता शिवता बोलायला लागली. एकदा भागाला विचारलं, "पडावातून शिडीवर पाय कसा टाकायचा? उजवा आधी की डावा?"

भागा म्हणाली, "लाट वर आली का टाकायचा, बायो. पाय बगायचा नाय. लाट बगायची."

दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, की बोट जयगड, दाभोळ, हर्णै करत मुंबईला पोचते तेव्हा आधी काय दिसतं. मला कुठं माहीत होतं. बाई कणगीला काजळी फासत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "दिवे. असं सांगतात." वहिनीनं सुई थांबवली आणि कठड्यापलीकडे पाण्याकडे बघितलं.

आईचं येण्याचं मात्र नक्की नव्हतं. "पोरींचा खेळ आहे. मी कशाला? मला बोट लागते." रविवारी सकाळी मी उठले तर घरभर खमंग वास. आई चुलीपुढे बसून कुळीथ भाजत होती.

"आई, आज कुळीथ?"

"सामान घेऊन या म्हणालीय ना ती? रिकाम्या हातानं कसं जायचं बोटीवर."

दुपारपर्यंत आईनं कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं आणि फणसपोळी असं सगळं नानांच्या जुन्या पंच्यात बांधलं आणि गाठोड्याचं तोंड दाभणानं शिवून टाकलं. मुंबईला जाणारं कोणीही माणूस असो, त्याच्याजवळ आपल्या मुलासाठी गाठोडं द्यायचं, ही आमच्याकडची रीत. जाणारा ओळखीचा असलाच पाहिजे असंही नाही. पावसाळाभर बोट नव्हती, म्हणून आईचे हात शिवशिवत होते. खेळातली का होईना, बोट म्हटल्यावर ते आपोआप चालू झाले. वहिनी बाजूला उभी राहून हे बघत होती. ती स्वतः काही घेऊन निघाली नाही.

"तुझं सामान?" मी विचारलं.

"मी नुसती शिवणारी," ती म्हणाली.

चार वाजता छान उघडीप पडली. अंगणात चिखल, आणि त्या चिखलात शाळेतली दोन बाकं जोडून ठेवलेली, तो पडाव. त्यावर भागा कासोटा खोचून, हातात बांबू घेऊन उभी. नेहमीच्या पायऱ्या बंद. पाहुण्यांनी बाकावरून चालत येऊन शिडीनं ओटीवर चढायचं.

"सरका गो बायांनो, एका अंगाला बसू नुको, पडाव कलंडल."

"बाकडं आहे गं ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुमाला बाकडा. माझा पडाव हाय."

वर बाई उभ्या होत्या. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि पदरावर शाळेच्या शिपायाची टोपी. चढणाऱ्या प्रत्येकीला हात देत होत्या आणि सामान तपासत होत्या. वकिलीणबाई ट्रंक घेऊन आल्या होत्या, आत उशी आणि पानाचा डबा. डॉक्टरीणबाईंच्या हातात फक्त एक रिकामा गडू. काशीला निघाले, येताना गंगा आणीन, म्हणाल्या. आत्याबाईंनी जपमाळ दाखवली. "मला कुठंही ने. तिन्हीसांजेच्या आत परत आण, दिवा लावायचाय." आई चढली ती गाठोडं पोटाशी धरून.

सगळ्या चढल्यावर भागानं शंख फुंकला. नाट्याला धुक्यात होड्या एकमेकींना हाक देतात तसा, लांब आणि खालच्या सुरात. खरोखर काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. त्याच वेळी मी कणगीतली सोडणं पेटवली आणि भागा म्हणाली होती तसंच झालं. धूर वर गेला नाही, सगळा ओटीवर आला. पाच बायका डोळ्यांना पदर लावून खोकत होत्या, आणि बाई त्या धुरातून, स्वतः रडत रडत, सांगत होत्या, "उजवीकडे दीपस्तंभ. नीट बघा."

"तू दिसत नाहीस, दीपस्तंभ कुठला दिसायला," आत्याबाई म्हणाल्या.

वकिलीणबाई ओटीवरच्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. बाईंनी जमिनीवर बसा म्हणून सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. धूर, झोपाळा आणि वर पानातली तंबाखू. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई, मला खरंच बोट लागली," म्हणत त्या आडव्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी लिंबू हुंगायला दिलं. "कोरड्या बोटीवर बोट लागलेली पहिलीच तुम्ही," त्या म्हणाल्या. वकिलीणबाईंना उलट बोलायचीही ताकद नव्हती, म्हणजे खरंच लागली असणार.

मग भागा चहा घेऊन बाहेर आली. तिच्या हातचा चहा. आमच्या घरांतून खारव्याच्या हातचं कोणी पीत नसे. नेहमी पाहुण्यांसाठी चहा बाई स्वतः करून आणत. त्या दिवशी त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाल्या, "बोट सुटली आहे. सोवळं धक्क्यावर राहिलं." कोणी हात पुढे करेना. सगळ्या आत्याबाईंकडे बघत होत्या. आत्याबाईंनी माळ बाजूला ठेवली. "प्रवासात चालतं," त्या म्हणाल्या. "माझे सासरे काशीला जाताना काय काय प्यायले ते ह्या ओटीवर सांगण्यासारखं नाही." त्यांनी कप घेतला, मग सगळ्यांनी घेतला. दडपे पोहे आले, नारळाच्या वड्या आल्या, आणि धूर निवळला तसं समोरचं पाणी पुन्हा दिसायला लागलं.

बाई मग एकेकीसमोर जाऊन विचारू लागल्या, कुठं उतरणार. वकिलीणबाई उशीवरून म्हणाल्या, "मी तर गौरी-गणपती झाले की खरंच मुंबईला चालले आहे, लेकीच्या बाळंतपणाला. पण आत्ता मला कुठंही उतरवा. इथंच उतरवा." हसण्याचा कल्लोळ झाला. मग बाई आईसमोर आल्या.

"माई, तुम्ही?"

"मी कुठं जातेय. हे एवढं गाठोडं मुंबईला द्यायचंय, कोणी जाणारं असेल तर."

"गाठोडं एकटं जात नाही बोटीत. नेणारं माणूस लागतं." बाई वळल्या. "मुंबईचं कोण आहे?"

वकिलीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या. वहिनी कठड्याशी, छताची दोरी धरून उभी होती.

"मी," ती म्हणाली.

तिचा आवाज इतका स्पष्ट मी पूर्वी ऐकला नव्हता. बाईंनी विचारलं, "सामान?" वहिनी चालत आईसमोर आली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. हा खेळ होता. आईनं खेळातच गाठोडं तिच्या हातांवर ठेवलं. आणि गाठोडं देताना, दरवेळच्या सवयीनं, ती सांगायला लागली.

"हे बघ, कुळथाचं पीठ तळाशी आहे, ते आधी काढ. डब्यात घालताना कोरडा हात. मेतकूट त्याला सकाळी मऊ भाताबरोबर दे. खाणावळीचं खाऊन पोट बिघडलंय त्याचं, तो सांगत नाही. आमसुलांचं सार करत जा अधूनमधून. कचेरीतून आला की लगेच काही बोलू नकोस. आधी पाणी दे, मग बोल. लहानपणापासून तसाच आहे तो. आणि पावसात भिजला की छाती भरते त्याची, तेव्हा..."

आई थांबली. आपण काय बोलतो आहोत आणि कोणाला, हे तिला तेव्हा ऐकू आलं. हे सगळं वाटेत गाठोडं पोचवणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही. हे त्याच्याजवळ राहणाऱ्या माणसाला सांगतात. कौलांवरून पागोळ्या टपटपत होत्या. डॉक्टरीणबाई गडूकडे बघत होत्या.

वहिनीनं गाठोडं छातीशी धरलं होतं. ती म्हणाली, "छातीला काय लावायचं, सासूबाई?"

आई तिच्याकडे बघत राहिली. आज मी दोन मुलांना परदेशी पाठवून बसले आहे, तेव्हा ते बघणं मला थोडं थोडं कळतं.

"ओव्याची पुरचुंडी," आई म्हणाली. "तव्यावर गरम करून. फार गरम नको."

बाई म्हणाल्या, "भागा, शंख." तेवढंच.

घरी येताना आई पुढे, आम्ही दोघी मागे. वहिनीच्या हातात अजून गाठोडं होतं, ते परत मागायचं आईला सुचलं नाही, की सुचूनही तिनं मागितलं नाही, मला सांगता येणार नाही. रात्रीची पानं घेताना आई वाढता वाढता म्हणाली, "त्या खोलीत पाटा-वरवंटा असेल का गं?"

वहिनीचा हात थांबला. "नाही. शेजारणीचा खलबत्ता आहे म्हणे."

"खलबत्त्यात कसलं वाटण होतंय," आई म्हणाली. नाना आमटीचा भुरका मारता मारता थांबले, आईकडे बघितलं, आणि शहाणपणानं पुन्हा भुरका मारला.

पुढे मी बाईंना विचारलं, की तुम्ही हे ठरवून केलंत का. त्या पाचवीचे पेपर तपासत होत्या. म्हणाल्या, "मी विषय ठरवते. त्यात माणसं काय करतील हे मला कळत असतं, तर मी मास्तरीण कशाला राहिले असते?" पण कान लाल झाले होते.

गौरी-गणपतीनंतर वकिलीणबाईंच्या सोबतीनं वहिनी निघाली. आम्ही सगळे मांडवीला गेलो. बाईही होत्या, छत्री घेऊन. ट्रंक, वळकटी, आणि गोणपाटात शिवलेला पाटा-वरवंटा. पडाववाल्यानं तो उचलला आणि खाली ठेवला.

"काय वैनी, दगड भरलाव का काय ह्यात?"

"दगडच आहे," आई म्हणाली. "जपून ठेव. टवका उडता कामा नये."

वहिनीनं आईला वाकून नमस्कार केला, मग बाईंना. बाईंनी पाय मागं घेतले, विधवेच्या पाया निघताना कोणी पडत नाही म्हणून. पण आईच म्हणाली, "पडू दे. त्यांच्याच बोटीनं चाललीय ती." वहिनी पडावात चढली. पायाकडे तिनं बघितलं नाही, लाटेकडे बघितलं.

पडाव सुटला तशी आई पायरीवर उभी राहून सूचना द्यायला लागली. वारा समुद्रावरून आमच्याकडे होता, तिचा आवाज चार हातांपलीकडे जात नव्हता. वहिनी हात हलवत होती, तिला काही ऐकू येत नसणार. पडाव लहान होत गेला, वहिनीचं डोकं ठिपक्याएवढं झालं, तरी आईचं संपेना. मी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला.

तेव्हा बाईंनी छत्री मिटली आणि त्या आईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मला सांगा, माई," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."

आईनं नजर पाण्यावरून काढली नाही. पण उरलेलं सगळं तिनं बाईंना सांगितलं. नळाला पाणी केव्हा येतं ते आधी विचारून ठेव. शेजाऱ्यांशी भांडू नकोस, आणि फार सलगीही नको. ताप आला तर कळव, लपवू नकोस. केस ओले ठेवून बाहेर पडू नकोस. दिवाळीला या, दोघंही या, नाही जमलं तर शिमग्याला या. बाई एकेका वाक्याला मान हलवून "हो" म्हणत होत्या, आणि बोटीचं धुराडं दिसेनासं झालं तरी दोघींपैकी कोणी निघायचं नाव काढलं नाही.